मोडून पाहण्याचे शिक्षण: पांढुर्णा-सौंसर आणि संगणक-सुरक्षेचा अभ्यासक्रम

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे भाग वेगळे काढून मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, तेव्हा हा मुलूख मराठी बोलणारा असूनही मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथील विद्यार्थी घरी मराठी बोलतो, वर्गात हिंदीतून शिकतो आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी वाचतो. बाजारहाट, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी त्याचा ओढा शंभरेक किलोमीटरच्या आत असलेल्या नागपूरकडे असतो, तर दाखले, परीक्षा आणि नोकरभरती यांसाठी त्याला छिंदवाडा, जबलपूर किंवा भोपाळ गाठावे लागते. अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत संगणक आणि नेटवर्क-सुरक्षा शिकवावी का, आणि शिकवायची तर कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण हा विषय मोठ्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचा असून लहान गावातील पदवी महाविद्यालयाने संगणकाची तोंडओळख करून दिली म्हणजे पुरे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ही समजूत चुकीची आहे. सुरक्षेचे शिक्षण सर्वात आधी याच महाविद्यालयांत दिले गेले पाहिजे, आणि ते व्याख्या पाठ करून घेऊन न देता यंत्रणा मोडून पाहण्याची मुभा देऊन दिले पाहिजे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

संगणक-सुरक्षेचा विचार तीन अपेक्षांवर उभा आहे. माहिती ज्याला पाहण्याचा अधिकार आहे त्यालाच दिसावी, ही गोपनीयता. अधिकार नसलेल्या कोणी तिच्यात फेरफार करू नये आणि केलाच तर तो उघडकीस यावा, ही अखंडता. आणि ज्याला ती हवी आहे त्याला ती वेळेवर मिळावी, ही उपलब्धता. एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाणारी माहिती वाटेत कोणाकोणाच्या हातून जाते आणि त्यातील प्रत्येकावर किती विश्वास टाकावा, हा नेटवर्क-सुरक्षेचा प्रश्न होय. पाठ्यपुस्तके या अपेक्षा बँकेच्या किंवा लष्कराच्या उदाहरणांनी समजावतात. मध्य प्रदेशातील कुटुंबाला मात्र समग्र आयडी हे उदाहरण अधिक जवळचे आहे. कुटुंबासाठी आठ अंकी आणि प्रत्येक सदस्यासाठी नऊ अंकी असलेला हा क्रमांक शिष्यवृत्ती, रेशन आणि बहुतेक शासकीय योजनांशी जोडलेला असल्यामुळे, त्या नोंदीत एखादी जन्मतारीख चुकली की अखंडतेचा भंग म्हणजे काय हे सगळ्या घराला कळते, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडेनासे झाले की उपलब्धतेचाही अर्थ कळतो.

येथील संगणकशिक्षणाचे सध्याचे रूप पाहिले तर त्यात या विचाराला फारशी जागा नाही. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता एवं संचार विश्वविद्यालयाशी संलग्न केंद्रे राज्यात तालुक्यातालुक्यात पसरली आहेत आणि बारावीनंतर डीसीए, पदवीनंतर पीजीडीसीए या संगणक-पदविका हा तेथील मळलेला रस्ता आहे. त्याच्या जोडीला राज्य शासनाची सीपीसीटी ही संगणक-प्रावीण्य चाचणी असते, जिच्यात टंकलेखनाच्या वेगाला मोठे महत्त्व आहे आणि जिच्या गुणपत्रकाशिवाय लिपिक किंवा डेटा एंट्रीच्या अनेक जागांसाठी अर्जच करता येत नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाने जे केले तेच काम या अभ्यासक्रमांनी इकडे केले, आणि ते कमी मोलाचे नाही. शेतीवर भागत नाही अशा घरांतील अनेक मुलामुलींना त्यांनी खुर्ची-टेबलाची कामे मिळवून दिली. परंतु या शिक्षणाचे उद्दिष्ट यंत्र वापरता येणे एवढेच होते. बीसीए किंवा संगणकशास्त्र घेतलेल्या बीएस्सीच्या वर्गात नेटवर्क हा विषय येतो तेव्हाही त्याची परीक्षा बहुधा ओएसआय प्रतिकृतीचे सात स्तर क्रमाने लिहिण्यापाशी संपते. हे सात स्तर म्हणजे संदेश पाठवण्याच्या कामाची सोयीसाठी केलेली विभागणी आहे; ती पाठ असलेल्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष तारेतून जाणारा एकही संदेश उघडून पाहिलेला नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर पातळीसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा कागदावरची उणीव भरून निघाली. छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांना तो स्वीकारण्यात तत्त्वतः अडचण नाही. अडचण आहे ती हा विषय कोणासाठी आहे याबद्दलच्या कल्पनेत. सुरक्षातज्ज्ञ व्हायचे असेल तर नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील सायबर सुरक्षेची शाखा घ्यावी, पुढे जमल्यास पुण्याच्या सी-डॅकमधील पदविका करावी आणि हिंजवडीत नोकरीला लागावे, असा एकच मार्ग डोळ्यांपुढे असतो. पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्याला तो सरळ खुला नाही. महाराष्ट्रातील व्यावसायिक प्रवेशांत राज्याबाहेर शिकलेल्याला राज्याच्या कोट्याचा लाभ सहसा मिळत नाही. वादग्रस्त कर्नाटक सीमाभागातील मराठी मुलांसाठी तेथे स्वतंत्र तरतूद आहे, पण मध्य प्रदेशातील मराठी मुलांसाठी तशी काही नाही, आणि कर्नाटक सीमेसारखा वाद येथे कधी पेटला नसल्यामुळे ती होण्याची शक्यताही दिसत नाही. ज्यांच्या घरी पैसा आहे ते तरीही जातात. बाकीचे गावात राहतात, आणि या चर्चेचा खरा विषय हे राहणारे विद्यार्थीच आहेत.

राहणाऱ्यांपैकी बरेच जण कियोस्कवर बसतात. मध्य प्रदेश शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून २००६ मध्ये उभारलेल्या एमपी ऑनलाइनची, तसेच निरनिराळ्या बँकांच्या ग्राहकसेवेची ही केंद्रे गावोगाव आहेत आणि महाविद्यालयाच्या प्रवेशापासून हमीभावाने विक्रीच्या नोंदणीपर्यंत सगळे अर्ज तेथूनच भरले जातात. या केंद्रांत सुरक्षेच्या तीनही अपेक्षा एका टेबलावर येतात. अर्जदाराचा पासवर्ड पुष्कळदा चालकच ठरवतो, ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला जातो, आधारची छायाप्रत टेबलाच्या खणात राहते आणि तिचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही. यात लबाडीचा हेतू असतोच असे नाही. रांगेतल्या माणसाचे काम लवकर व्हावे म्हणूनच या सवयी पडलेल्या असतात.

याच टेबलावर आधार-आधारित पैसेवाटप चालते, आणि त्याची रचना सुरक्षेच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे. ग्राहक आपला आधार क्रमांक आणि बँकेचे नाव सांगतो व अंगठा यंत्रावर ठेवतो. पिन किंवा ओटीपी लागत नाही. ठसा कूटबद्ध होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात, कियोस्कच्या बँकेकडून राष्ट्रीय देयके महामंडळाच्या केंद्राकडे जातो, त्याची पडताळणी आधार प्राधिकरण करते, आणि मग ग्राहकाची बँक रक्कम वजा करते. वाटेतील हे दुवे बऱ्यापैकी भक्कम आहेत. कच्चा दुवा पहिला आहे, जेथे ग्राहकाला पडदा दिसत नाही किंवा दिसला तरी वाचता येत नाही. शिल्लक पाहायची आहे असे सांगून पैसे काढण्याची विनंती पाठवणे, किंवा ठसा उमटला नाही असे सांगून अंगठा पुन्हा लावायला लावणे आणि पावती न देणे, या फसवणुकीला कूटशास्त्राचे कोणतेही ज्ञान लागत नाही. दुसरी फसवणूक अधिक कौशल्याची आहे: २०२३ मध्ये कर्नाटकासह काही राज्यांत जमीन-नोंदणीच्या दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांच्या रबरी प्रतिकृती करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे पुढे आली. पासवर्ड चोरीला गेला तर तो बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी पद्धत आणली आणि बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय दिली. ही सोय वापरायची कशी, हे एखाद्या आजीला समजावून सांगणारा माणूस गावात कोण असावा? तो माणूस बहुधा तोच कियोस्कचालक असेल, ज्याने स्थानिक केंद्रातून पीजीडीसीए केले आहे आणि ज्याला त्या वर्षभरात टंकलेखन शिकवले गेले, पण आपण लोकांच्या विश्वासाच्या साखळीतील पहिला दुवा आहोत हे शिकवले गेले नाही. सुरक्षेचा अभ्यासक्रम अभियांत्रिकीपुरता ठेवण्याची खरी किंमत येथे मोजावी लागते.

हा अभ्यासक्रम पदवी महाविद्यालयात आणायचा म्हटले की एक आक्षेप हमखास घेतला जातो: हल्ला कसा होतो हे शिकवले तर मुले हल्लेच करतील. हा आक्षेप संगणकाहून जुना आहे. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब आणि ब्रामा यांची अभेद्य समजली जाणारी कुलपे उघडून दाखवली, तेव्हाही कुलपांतील उणिवा चव्हाट्यावर आणल्याने चोरांचे फावेल अशी ओरड झाली. त्यावर, चोरांना त्या आधीच ठाऊक असतात, ठाऊक नसतात ते कुलूप विकत घेणाऱ्याला, असे उत्तर दिले गेले. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स याने लष्करी गुप्तलिपीसंबंधी लिहिताना हाच विचार नियमाच्या रूपात मांडला: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजचे सगळे विश्वसनीय कूटीकरण या नियमावर उभे आहे. २००३ मध्ये कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात जॉन एकॉक यांनी संगणक-विषाणूंचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यात विद्यार्थ्यांना विषाणू लिहायला लावले जाणार असल्याचे कळले, तेव्हा विषाणूविरोधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी जोरदार हरकत घेतली. विद्यापीठाने अभ्यासक्रम मागे घेतला नाही. बाहेरच्या जगाशी न जोडलेली बंदिस्त प्रयोगशाळा आणि कडक नियम हे त्याचे उत्तर होते. ते उत्तर पटण्याजोगे आहे, कारण हल्ल्याची माहिती ज्यांना गैरवापर करायचा आहे त्यांना मोबाइलवर सहज मिळते. वर्गात ती न दिल्याने फक्त प्रामाणिक विद्यार्थी अज्ञानात राहतो.

मोडून पाहण्याने काय कळते याचे एक उदाहरण तपशिलात पाहण्याजोगे आहे. एखाद्या संकेतस्थळावर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट असते. मागे बसलेला प्रोग्राम ही दोन उत्तरे एका तयार वाक्यात घालतो आणि ते वाक्य माहितीसंचाला, म्हणजे जेथे सर्व नोंदी साठवल्या आहेत त्या यंत्रणेला, विचारतो: या नावाची आणि या पासवर्डची नोंद आहे का? विद्यार्थ्याने नावाच्या जागी नुसते एक अवतरणचिन्ह टाकले आणि पडद्यावर विचित्र त्रुटी उमटली, तर त्याला पहिला धागा मिळतो: आपण लिहिलेले चिन्ह उत्तर म्हणून न घेता वाक्याचा भाग म्हणून घेतले गेले आहे. मग तो अवतरणचिन्हानंतर ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाची शर्त आणि वाक्याचा पुढचा भाग रद्द करणारे चिन्ह जोडतो, आणि एक हे नेहमीच एकाबरोबर असल्यामुळे यंत्रणा पासवर्ड न तपासता त्याला आत घेते. एसक्यूएल इंजेक्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हल्ल्याचे वर्णन १९९८ पासून प्रसिद्ध आहे, तरी तो अजून होतो, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने वापरकर्त्याचे उत्तर आणि आपले वाक्य वेगळे ठेवले नाही. हे वेगळे ठेवण्याची पद्धत दोन-तीन ओळींत लिहिता येते. ती ज्याने एकदा स्वतःच्या हाताने दार उघडले आहे त्याच्या कायमची लक्षात राहते. ज्याने व्याख्या लिहून चार गुण मिळवले त्याला ती सुटीनंतर आठवत नाही.

यासाठी लागणारी प्रयोगशाळा खर्चीक नाही. एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवण्याची सोय देणारे व्हर्च्युअलबॉक्स, तपासणीची साधने एकत्र बांधलेले काली लिनक्स, जाणीवपूर्वक कच्चे ठेवलेले डीव्हीडब्ल्यूए हे सरावाचे संकेतस्थळ आणि तारेतून जाणारे संदेश उघडून दाखवणारे वायरशार्क ही सर्व साधने मोफत आहेत. जेमतेम क्षमतेचे दहा-बारा संगणक, एक साधा स्विच आणि इंटरनेटची तार काढून ठेवण्याची शिस्त एवढ्यावर पहिली दोन सत्रे निभावतात. इंटरनेट मध्येच जाणाऱ्या गावात ही गोष्ट सोयीचीच ठरते, कारण असल्या प्रयोगशाळेला इंटरनेट नसणे हीच तिची पहिली अट आहे.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर मात्र हेच कौशल्य गुन्हा ठरते, आणि त्याची जाणीव पहिल्याच तासाला द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधील कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याला मनाई करते आणि कलम ६६ अशा कृत्याला, ते अप्रामाणिक हेतूने केलेले असेल तर, तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठरवते. चांगल्या हेतूने दोष शोधणाऱ्याला या कायद्यात वेगळे संरक्षण दिलेले नाही. ते असायला हवे, परंतु नाही तोवर लेखी परवानगी ही विद्यार्थ्याची ढाल आहे. शासकीय संकेतस्थळात दोष आढळल्यास तो वापरून न पाहता सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेला कळवण्याची ठरलेली पद्धत आहे, तीही शिकवायला हवी. कायद्याचा भाग अनेक अभ्यासक्रमांत शेवटच्या प्रकरणात ढकलला जातो आणि वेळ संपला म्हणून वाचायचा राहतो. त्याची जागा सुरुवातीला आहे.

कायद्याचा एक उपयोग संरक्षणाचाही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या निर्देशांनुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ती गोष्ट कळवली, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. १९३० या सायबर-फसवणूक मदतक्रमांकावर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात अडकलेली रक्कम गोठवण्याची शक्यता राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय नोंद न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश-मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेला एक ठरावीक लांबीचा आकडा, जो फाइलमधील एक अक्षर बदलले तरी पार बदलून जातो. नव्या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांना आणि वकिलांना हे काम जाणणारी माणसे लागणार आहेत, आणि ती दर वेळी नागपूर-भोपाळहून येणे व्यवहार्य नाही.

सुरक्षेचा भंग मोठ्या संस्थांत कसा होतो हे शिकवताना मराठी वाचकाला जवळचे असे प्रकरण कॉसमॉस बँकेचे आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या या सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून आलेली विनंती बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत नेणारा जो दुवा असतो त्याच्या जागी चोरांनी आपला बनावट दुवा बसवला. तो प्रत्येक विनंतीला, खात्यात पैसे आहेत की नाहीत हे न विचारता, होकार देत गेला, आणि बनावट कार्डे घेऊन अनेक देशांत उभ्या असलेल्या माणसांनी रोकड काढली. त्यानंतर स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश प्रणालीतून हाँगकाँगला आणखी रक्कम पाठवली गेली. या प्रकरणात २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. पांढुर्ण्यातील कियोस्क आणि कॉसमॉसचा एटीएम-दुवा यांच्या प्रमाणात जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी दोन्हीकडे दोष एकच आहे: मधल्याने दिलेले उत्तर खरे आहे की नाही हे पडताळण्याची दुसरी वाट ग्राहकाजवळ किंवा बँकेजवळ नव्हती. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विषाणूने न्हावाशेवा बंदरातील मर्स्क या जहाजकंपनीचे टर्मिनल ठप्प केले, तेव्हा त्याचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता. विश्वासाने घेतलेले अद्ययावतीकरणही हल्ल्याची वाट होऊ शकते, हा धडा सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांच्या यंत्रांना आणि संगणकांना लागू पडतो, आणि तेथे कामाला जाणाऱ्या तरुणांनी तो ऐकलेला असणे आवश्यक आहे.

सर्वात कठीण प्रश्न शिक्षकाचा आहे. शासकीय महाविद्यालयांत हे विषय बहुधा अतिथी विद्वान म्हणून नेमलेले प्राध्यापक शिकवतात, ज्यांची नेमणूक पुढच्या सत्रात राहील की नाही याची त्यांना खात्री नसते. अशा माणसाकडून वर्षानुवर्षे जपावी लागणारी प्रयोगशाळा उभारण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. स्वयम् या शासकीय संकेतस्थळावरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने तत्त्वभाग सांभाळू शकतात, परंतु दहा विद्यार्थ्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत, चूक कोठे झाली ते न सांगता त्यांनाच शोधू देणारा माणूस चित्रफितीत मिळत नाही. म्हणून निधी आला तर तो यंत्रांवर खर्च करण्याआधी एका स्थायी पदावर खर्च व्हावा. परीक्षेचीही पद्धत बदलावी लागेल. शेवटच्या सत्रातील विद्यार्थ्याने, प्राचार्यांच्या लेखी परवानगीने, आपल्याच महाविद्यालयाच्या प्रवेशप्रक्रियेची किंवा संमती देणाऱ्या एखाद्या कियोस्कची तपासणी करून अहवाल द्यावा: कोणता पासवर्ड कोणाकडे आहे, कोणत्या छायाप्रती किती दिवस राहतात, कोणते यंत्र किती महिन्यांपासून अद्ययावत झालेले नाही, आणि यांपैकी काय एका आठवड्यात सुधारता येईल. परीक्षकाने गुण द्यावेत ते या शेवटच्या कलमाला, आणि अहवाल हिंदीत किंवा मराठीत, टेबलामागे बसणाऱ्याला आणि टेबलापुढे उभ्या राहणाऱ्याला वाचता येईल असा लिहिलेला असल्याशिवाय तो स्वीकारू नये.